काळी वाळू आणि कंपनीचे पत्र

पूर्णगडास मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी लहानसा किल्ला आहे आणि किनाऱ्याच्या वाळूत काळे पट्टे दिसतात. ही काळी कणी म्हणजे इल्मेनाइट. तिच्यापासून टायटॅनियम मिळते. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगातही ते असते. नवखा पाहुणा हमखास विचारतो, "एवढे धन पायाखाली असताना तुम्ही स्वस्थ कसे बसलात?" छोट्या खाणकंपन्यांचे शेअर घेणाऱ्या माणसाचे सारे दुखणे या प्रश्नात आहे.

वाळूत खनिज असणे निराळे आणि त्याची खाण होणे निराळे. मोहोर आला म्हणजे हापूसची पेटी भरली असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. मधे थ्रिप्स आहेत, अवकाळी पाऊस आहे. तसेच खाणीचे. आपल्या सरकारच्या २०१५ च्या नियमांत शोधाचे चार टप्पे आहेत: जी-४ म्हणजे वरवरची पाहणी, जी-३ प्राथमिक शोध, जी-२ सर्वसाधारण आणि जी-१ तपशीलवार. त्यापुढे पट्टा, पर्यावरणाची मंजुरी, रस्ता, वीज आणि बाजारभाव. कंपनीने "मोठा साठा सापडला" असे कळवले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की कितव्या टप्प्याचा?

कापडगिरणीच्या भागधारकाला कापड तरी दिसते. खाण शोधणाऱ्या छोट्या कंपनीला वर्षानुवर्षे उत्पन्न नसते. तिच्याकडून घरी येतो तो फक्त शब्द. म्हणून त्या शब्दाला सोन्याचे मोल.

तो शब्द खोटा निघाला म्हणजे काय होते, हे कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने दाखवले. बोर्निओ बेटावरील बुसांग येथे अफाट सोने असल्याचे ती सांगत होती. १९९७ साली उघड झाले, की नमुन्यांत सोने बाहेरून मिसळले होते. कित्येक साध्या कुटुंबांची पुंजी गेली. पुढे २००१ पासून तेथे नियम झाला: खनिजाविषयीची तांत्रिक माहिती पात्र तज्ज्ञाच्या आधारानेच द्यायची.

आपल्याकडे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीने महत्त्वाची घटना शेअरबाजाराला कळवलीच पाहिजे. २०२३ साली संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णयास अर्धा तास, कंपनीत घडलेल्या इतर गोष्टीस बारा तास आणि बाहेरून आलेल्या गोष्टीस चोवीस तास अशी मुदत ठरवण्यात आली.

पण वेळेवर कळवणे म्हणजे समजावून सांगणे नव्हे. मुंबई शेअरबाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचे उदाहरण घ्या. कर्नाटकातील गणजूर येथे तिने सोन्याचा शोध घेतला, खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. २०१५ साली कायद्याने पट्टे लिलावावर नेले. जुन्या शोधकांचा हक्क तेवढा राखला. २०२१ च्या दुरुस्तीने असे प्रलंबित अर्जही संपले. जमिनीतले सोने जागच्या जागी राहिले. बदलला तो कायदा. असा धोका भागधारकाला आधीच, साध्या भाषेत, कळायला नको का?

माझ्याकडेही एका छोट्या खाणकंपनीचे थोडे शेअर आहेत. नाव सांगत नाही. तिच्या अहवालात यंत्रांची छायाचित्रे झकास असतात. दूरदृश्य सभेत मी विचारले, "गेल्या वर्षी किती मीटर वेधन करायचे ठरले होते आणि किती झाले?" उत्तर मिळाले, "कामाची प्रगती समाधानकारक आहे."

वाचकहो, समाधान मीटरमध्ये मोजता येत नाही. म्हणून ताळेबंदासमोर बसताना चार गोष्टी शोधा: शिल्लक रोकड किती महिने पुरेल, नवे शेअर काढून आपला हिस्सा किती पातळ झाला, आकड्याखाली कोणत्या तज्ज्ञाची सही आहे, आणि गेल्या वर्षीच्या वचनाचे काय झाले. छापील अहवाल हवा असेल तर मागा, तो द्यावा लागतो. आणि ज्या कंपनीच्या पत्रात कोरडे गेलेले वेधनही आकड्यासकट लिहिलेले असेल, तिच्या चांगल्या बातमीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.