माटुंगा, लालबाग, चेंबूर

सकाळी ७. माटुंग्याच्या बाजारात केळीच्या पानांचे भारे नुकतेच सुटलेत. आमच्या केटरिंगची खरेदी माझ्याकडे असते. आज मुंजीचं तमिळ जेवण, उद्या मालवणी बारसं, परवा सिंधी साखरपुडा. ज्या समाजाचं जेवण, त्याच्याच वस्तीतून सामान आणायचं, हा माझा नेम. दुकान शोधायचं तर आधी त्या लोकांचं देऊळ आणि शाळा शोधावी. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या या भागात दक्षिणेकडची कुटुंबं आली, आस्तिक समाजाचं मंदिर झालं, १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. अशा वस्तीत सांबारचे छोटे कांदे, कोहळा, नेंद्रम केळी मिळणारच.

भाजीवाल्याकडे मी आधी गिऱ्हाईक बघते. नऊवारीसारखं नेसलेल्या एक मामी शेवग्याची शेंग हलकेच वाकवून पाहतात आणि नाकारतात. भाजीवाला मुकाट्याने दुसरी जुडी काढतो. अशा मामी जिथे रोज येतात, तिथे शिळा माल टिकत नाही.

साडेआठ. कॉफीचं दुकान. मला प्लँटेशन आणि पीबेरी निम्मी-निम्मी हवी, चिकोरी शंभरात वीस. बी कधी भाजलं ते विचारते, आणि पूड डोळ्यांसमोर दळून घेते. आधीच भरून ठेवलेली पाकिटं घेत नाही. दळल्यावर वास फार लवकर उडतो.

साडेदहा. करी रोडला उतरून लालबाग. उन्हाळ्यात इथे नाकाला पदर लावूनच शिरावं. गिरण्यांच्या दिवसांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांच्या घरी वर्षाचा मसाला व्हायचा, त्यावर ही मिरचीची दुकानं उभी राहिली. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, डंक मात्र अजून धडधडतात. रंगासाठी सुरकुतलेली ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी. मिरची मुठीत दाबून पाहायची, कुरकुरली पाहिजे. नरम लागली तर ओल आहे आणि मसाल्याला बुरशी येणार. मग धणे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, हळकुंड.

"ताई, मटणाला की माशाला?" दुकानदार विचारतो. हा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं. नुसतं "किती किलो?" विचारणाऱ्याकडे माल चांगला असेलही, पण माझं प्रमाण चुकलं तर तो मला अडवणार नाही. हा अडवतो. खसखस जरा कमी करा, म्हणतो, आणि मी ऐकते.

भाजलेला मसाला डंकावर कुटून होईपर्यंत तिथेच उभी राहते. समोर कुटलेला मसाला आणि पिशवीत बंद मिळणारा मसाला यांत फार अंतर आहे, त्यासाठी तासभर गेला तरी चालेल.

दीड. डबा.

तीन. कुर्ल्याला गाडी बदलून चेंबूर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी इथे पडली, अजूनही लोक त्या भागाला कॅम्प म्हणतात. मिरीचे पापड घेते, मग कमळकाकडी. तिची दोन्ही टोकं बंद हवीत, नाहीतर आतल्या भोकांत चिखल भरलेला निघतो. शेजारी भाजी घेणाऱ्या आजींना विचारलं, कढीला चिंच घालता की कोकम? "कोकम," त्या म्हणाल्या, आणि बेसन किती भाजायचं तेही सांगितलं. अशी माहिती फक्त गल्ल्यावरच्या माणसाकडून मिळत नाही, रांगेतल्या बायकांकडून मिळते.

सहा. स्वयंपाकघरात माल उतरवला. मसाला बरण्यांत, पानं ओल्या फडक्यात.

आठ. ओळखीतल्या एका मुलीचा फोन. लग्नानंतर दादरला आली आहे, सासूबाई बंगाली, पायेशसाठी गोविंदभोग तांदूळ हवाय. सुपरमार्केटमधला कुठलाही बारीक तांदूळ चालेल का, विचारते. चालणार नाही, त्याला तो वास येत नाही. तिला सांगितलं, शिवाजी पार्कला बेंगॉल क्लब आहे, तिथे दुर्गापूजा होते. तिथल्या एखाद्या काकूंना गाठ आणि भोगाच्या खिचडीचा तांदूळ कुठून आणतात ते विचार. दुकानाचा पत्ता मलाही कळव.