निरोप आणि भेट

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या एका जुन्या सहशिक्षकाची पत्नी वारली. त्यांचें गांव आमच्या पोंभुर्ण्याहून फार लांब नाहीं, एस्. टी.नें तासाभराचा रस्ता. बातमी मोबाइलवर आली, आणि तेथल्या तेथें मीं चार ओळींचा शोकसंदेश पाठविला. त्याखालीं आणखी तीस-चाळीस जणांचे तसेच संदेश आले. हात जोडल्याचीं चित्रें आलीं. आपलें कर्तव्य झालें, असें मला वाटलें. दोन महिन्यांनीं मूलच्या बाजारांत त्यांची गांठ पडली. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचा निरोप पोंचला. पण तुम्ही येऊन बसाल, असें वाटलें होतें." बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले.

श्रोते हो, 'येऊन बसणें' ह्या शब्दाचा मी तेव्हांपासून विचार करीत आहें. दुखवट्याच्या घरीं गेलेला मनुष्य बोलतो थोडेंच. तो सतरंजीवर बसतो, आजार कसा झाला, शेवटीं काय झालें, तें ऐकून घेतो. दुसरा कोणी आला, कीं तीच हकीकत पुनः सुरू होते, आणि आधीं आलेलाही ती पुनः ऐकतो. अशी दहा वेळां सांगतां सांगतां सांगणाऱ्याचें मन थोडें हलकें होतें. शोकसंदेशांत नेमकें उलट घडतें. तेथें सांगणारे चाळीस आणि ऐकणारा एकटा, आणि तोच दुःखांत बुडालेला!

यंत्रांमुळें माणसांचें बोलणें आटलें, अशी तक्रार हल्लीं घरोघर ऐकूं येते. ती सरसकट खरी नाहीं. आपल्या देशांत पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांमध्यें झाला. त्या काळीं मिनिटाचा दर असा होता, कीं सामान्य गृहस्थानें त्याचें नांव काढूं नये. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें आणि हें यंत्र झोपडीपर्यंत पोंचलें. आमच्या भागांतून भाताचा हंगाम सरल्यावर मजुरांचीं कुटुंबें मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत जातात. पूर्वीं तीं परत येईपर्यंत घरीं राहिलेल्या म्हाताऱ्यांस त्यांची धड खबर मिळत नसे. आतां दिवसभराचें काम आटोपल्यावर रात्रीं नातवाचा आवाज कानीं पडतो. अशा घरीं जाऊन मोबाइलची निंदा करण्याचें धैर्य मला होणार नाहीं.

परंतु आवाज आणि अक्षर ह्यांत भेद आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारें ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढें भाषण करावयास व तोंडीं गणितें सोडवावयास लाविलें. त्या घाबऱ्या झाल्यावर कांहींजणींना आईस प्रत्यक्ष भेटूं दिलें, कांहींजणींना टेलिफोनवर बोलूं दिलें, कांहींजणींना केवळ लेखी संदेशांची देवघेव करूं दिली, आणि उरलेल्यांचा आईशीं मुळींच संपर्क होऊं दिला नाहीं. आई भेटली किंवा तिचा आवाज ऐकला, कीं ताण दर्शविणारें कॉर्टिसॉल हें द्रव्य शरीरांत कमी झालें व जिव्हाळ्याशीं संबंध असलेलें ऑक्सिटोसिन वाढलें. लेखी संदेश मिळालेल्या मुलींची स्थिति मात्र आई न भेटलेल्या मुलींसारखीच राहिली. शब्द आईचेच होते, तरीही! एका लहान प्रयोगावरून सिद्धांत मांडूं नये, हें मी जाणतों; पण रडणाऱ्या मुलास ज्यानें वर्गाबाहेर नेऊन समजाविलें आहे, अशा कोणाही शिक्षकास ह्यांत नवल वाटणार नाहीं.

मग चेहरा आणि आवाज दोन्ही देणारा व्हिडिओ कॉल भेटीची जागा कां घेत नाहीं? जगांतील दहा भाषांच्या एका अभ्यासांत २००९ सालीं असें आढळलें, कीं एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचें उत्तर सुरू होण्यास सरासरीनें सेकंदाचा पांचवा हिस्साच लागतो. संभाषणाचा ताल इतका बारीक आहे. यंत्रावर आवाज पोंचण्यास किंचित विलंब लागला, तरी दोघे एकदम बोलूं लागतात आणि दोघे एकदम थांबतात. जंगलाकांठच्या गांवीं, जेथें नेटवर्क क्षीण, तेथें तर हा अनुभव नित्याचा. शिवाय कॅमेरा वरच्या कडेस आणि समोरच्याचें चित्र त्याखालीं. त्यामुळें त्याच्या डोळ्यांकडे पाहावें, तों त्याला आपली नजर खालीं वळलेली दिसते. आणि मौनाचें काय? ओट्यावर दोघे शेजारी घटकाभर न बोलतां बसूं शकतात. टेलिफोनवर चार क्षण गप्प राहिलें, कीं 'हॅलो, ऐकूं येतें ना?' असा प्रश्न आलाच.

ह्याहून मोठी हानि एकाच खोलींत बसलेल्यांची होते. आजोबा गोष्ट सांगत आहेत, नातू मान हालवीत आहे, पण त्याचा अंगठा पडद्यावर सरकत आहे. दोन दिवसांत आजोबा गोष्ट सांगणेंच सोडतात. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव ह्या गांवानें २०२२ च्या ऑगस्टांत एक साधा उपाय योजिला. संध्याकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व टेलिव्हिजन बंद ठेवून मुलांनीं अभ्यास करावा, इतरांनीं वाचावें, आपसांत बोलावें, असें ठरलें. कोरोनाच्या काळांत शिक्षणासाठीं मुलांच्या हातीं दिलेले मोबाइल पुढें हातांतून सुटेनात, हें त्यामागचें कारण. भोंगा वाजवून जिव्हाळा उत्पन्न होत नाहीं, हें खरें. पण एकट्या घरानें मोबाइल बाजूस ठेवणें जड जातें, तें सगळ्या गांवानें मिळून केलें म्हणजे सोपें होतें.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवाची रीति मला ह्याहून अधिक मोलाची वाटते. तेथें गांवाचे निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसहमतीनें घेतात, आणि त्याआधीं अभ्यासगटांत बसून विषय समजून घेतात. एकाचेंही मन वळलें नाहीं, तर पुनः बसतात. ह्या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मोबाइलवर मतें मागविलीं असतीं, तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर आलें असतें. 'नाहीं' म्हणणारा कां अडला आहे, हें त्याच्यासमोर बसल्यावांचून कळलें नसतें.

मागील आठवड्यांत मी त्या मित्राकडे जाऊन आलों. मोबाइल पिशवींत ठेविला होता. त्यांनीं आजाराची हकीकत पहिल्यापासून सांगितली. इस्पितळांतली शेवटची रात्र दोनदां सांगितली. मी फारसें बोललों नाहीं. परतीची शेवटची गाडी चुकली, म्हणून मुक्काम तेथेंच झाला. सकाळीं त्यांनीं स्वतः चहा केला. साखरेचा डबा कोठें असतो, तें त्यांना अजून नीट ठाऊक नव्हतें.