‘सोडली’, ‘सुटली’ आणि ‘आहे’ : मद्यमुक्तीच्या बैठकीतील एक वाक्य

दारूविषयी बोलताना मराठी क्रियापदे माणसाला निरनिराळ्या विभक्तींत उभे करतात. ‘त्याला दारूचे व्यसन लागले’ या वाक्यात तो चतुर्थीत असून कर्ता व्यसन होय; भूत लागावे, दृष्ट लागावी, तसे ते लागते. ‘त्याने दारू सोडली’ येथे तो तृतीयेत येऊन कर्ता होतो. ‘त्याची दारू सुटली’ म्हणताच कर्तेपण दारूकडे जाते व तो षष्ठीपुरता उरतो. तिन्ही रचनांत क्रिया मात्र पुरी झालेली आहे. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांच्या परस्परसाहाय्य-मंडळांस नेमके हेच मान्य नाही. वीस वर्षे थेंबही न घेतलेला सभासद तेथे उठून ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे वर्तमानकाळातच सांगतो.

या वाक्याचा उगम ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळात आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन हा रोख्यांच्या व्यवहारातील गृहस्थ आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद यांच्या भेटीतून ते उदयास आले. एक मद्यासक्त दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलत राहिला, तर दोघांनाही त्या दिवसापुरते पिण्यावाचून राहता येते, एवढाच त्यांचा मूळ अनुभव होता. सभासदत्वाला वर्गणी नाही; पिणे थांबविण्याची इच्छा पुरते. १९५७ च्या सुमारास मुंबईत या बैठकांना आरंभ झाला. पुण्याचे मुक्तांगण (१९८६) हे उपचारकेंद्र असल्याने वेगळ्या जातीचे. तथापि व्यसनातून सावरलेल्यांनीच नव्या रुग्णाला हात द्यावा, हे तत्त्व तेथेही आहे. उपायाच्या परिणामाविषयी शंका घेणाऱ्यांनी २०२० चा कॉक्रेन आढावा पाहावा. २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांवर आधारलेल्या त्या आढाव्यात, या मंडळाकडे नेणारे पद्धतशीर उपचार अखंड वर्ज्यतेच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांहून सरस ठरले.

मराठी बैठकीतही ‘अल्कोहोलिक’ हाच शब्द का टिकावा? ‘दारुड्या’तील प्रत्यय तुच्छतादर्शक आहे, ‘बेवडा’ ही तर शिवीच. ‘मद्यपी’ पोथीतला वाटतो, शिवाय तो पिण्याची क्रिया सांगतो आणि बोलणारा तर पीत नाही. परक्या शब्दाला गावच्या भांडणांचा इतिहास नसतो, हा त्याचा मोठाच गुण.

नावाचा प्रश्न अधिक बिकट आहे. बैठकीत आडनाव गळते. मराठी समाजात आडनावामागे जात व भावकी उभी असल्याने येथे अनामिकता अमेरिकेतल्यापेक्षा अधिक काम करते. परंतु हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या, सर्वांची सर्वांशी ओळख असलेल्या बाजारपेठेच्या गावी आडनाव गाळून काय लपणार? तेथे अनामिकतेचा अर्थ ‘ओळख नसणे’ असा न घेता ‘ऐकलेले बाहेर न नेणे’ असाच घ्यावा लागेल. गुत्त्यात शिरताना न वाटणारी लाज बैठकीच्या दाराशी वाटते. उपचार अडतो तो पुष्कळदा या दाराशीच.

याच जिल्ह्यात नामदेवांचे नरसी आहे, आणि दारू सोडण्याची वारकरी रीत नेमकी उलट आहे. तुळशीची माळ गळ्यात, सर्वांना दिसेल अशी. माळकऱ्याचा राखणदार सारा गावच. ही साक्ष बलवान खरी, पण घसरलेल्या माणसाला ती परत येऊ देतेच असे नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरजवळ निश्चय होता, सोबत मात्र होती तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाची. मद्यमुक्तीच्या मंडळात घसरलेला सभासद पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. ‘मी अल्कोहोलिक होतो’ असे तो म्हणाला असता, तर काल रात्रीच्या प्याल्याने ते वाक्य खोटे पडले असते. ‘आहे’ म्हटल्यामुळे आज सायंकाळी त्याला तेच वाक्य, एकही अक्षर न बदलता, पुन्हा उच्चारता येते.