कुंभकोणमचा बंद पडलेला प्रिंटर

बँकेचं मुख्यालय म्हटलं की मराठी वाचकाला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती आठवतात. सिटी युनियन बँकेचं मुख्यालय मात्र कावेरीकाठच्या कुंभकोणमला आहे. देवळं, पितळी समया, विड्याची पानं आणि डिग्री कॉफी यांसाठी हे गाव ओळखलं जातं. कधीकाळी ते तंजावरच्या मराठी राज्यात होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच मराठी घरात जन्मले.

बँक निघाली १९०४ मध्ये, ‘कुंभकोणम बँक’ या नावाने. गावाबाहेरची पहिली शाखा उघडायला १९३० उजाडलं, आणि तीही शेजारच्या मन्नारगुडीत. १९६५ मध्ये सिटी फॉरवर्ड आणि युनियन या दोन छोट्या बँका पोटात आल्या, नाव लांबलं. १९८७ मध्ये त्यातून कुंभकोणम गळालं. मुख्यालय तिथेच राहिलं.

अशा सावकाश चालीच्या बँकेचं नाव फेब्रुवारी २०१८ मध्ये जगभरच्या बातम्यांत आलं, ते एका प्रिंटरमुळे.

परदेशी व्यवहारांसाठी बँका ‘स्विफ्ट’ वापरतात. बेल्जियममधल्या या सहकारी संस्थेच्या जाळ्यातून पैसे जात नाहीत, फक्त निरोप जातात. कुंभकोणमच्या बँकेचं डॉलरचं खातं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं. बँकेतल्या भाषेत ‘नॉस्ट्रो’. ‘या खात्यातून अमुक इतके अमक्याला द्या’ असा निरोप पोचला की तिथली बँक पैसे वळते करते. निरोप ‘मेकर’ तयार करतो, ‘चेकर’ तपासतो, मग तो सुटतो. त्याची पोच परत येते आणि ती कागदावर छापली जाते. दुसऱ्या दिवशी नॉस्ट्रो खात्याचा उतारा हाती आला की एक कर्मचारी त्यातली एकेक नोंद आपल्या वहीशी ताडून पाहतो. हे काम कंटाळवाणं. त्यात कुणाचं नाव होत नाही.

६ फेब्रुवारीला स्विफ्टला जोडलेला प्रिंटर चालेना. बँकेच्या म्हणण्यानुसार घुसखोरांनीच तो निकामी केला होता, म्हणून त्या संध्याकाळी गेलेल्या निरोपांची पोच कुणाच्या नजरेस पडली नाही. ७ तारखेला सकाळी मेळ घालताना तीन नोंदी उपऱ्या निघाल्या. पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे दुबईकडे, तीन लाख युरो फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानकडे आणि दहा लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे चीनकडे निघाले होते. बँकेने धावपळ केली. दुबईची रक्कम परत आली, तुर्कस्तानातली तिथल्या बँकेने अडवली. चीनमधली मात्र कुणीतरी बनावट कागदपत्रं दाखवून आपल्या नावावर मागितली होती.

प्रिंटरची ही युक्ती नवी नव्हती. बरोबर दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतही प्रिंटर असाच गप्प झाला होता आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना स्विफ्टबद्दल सावध केलं होतं.

कुंभकोणमची बातमी फुटली त्याच आठवड्यात मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळाही उघड झाला. तिथे बाहेरून घुसखोरी झाली नव्हती. आतल्याच माणसांनी मूळ वहीत नोंद न करता स्विफ्टवरून हमीपत्रं धाडली होती. दोन प्रकार वेगळे, भोक एकच: निरोपाचं यंत्र आणि हिशेबाचं यंत्र एकमेकांशी बोलत नव्हतं. रिझर्व्ह बँकेने दोन्ही जोडायचं फर्मान काढलं. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयीचे आदेश वेळेत न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला.

पण जोडणीने सगळं भागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. एटीएमच्या मार्गावर चोरांनी आपलाच बनावट स्विच बसवला. पैसे काढण्याची मागणी मूळ वहीपर्यंत जाऊच न देता ‘मंजूर’ असं उत्तर तो परस्पर देत होता. ११ तारखेच्या शनिवारी २८ देशांतल्या यंत्रांतून नोटा निघाल्या. १३ ऑगस्टला स्विफ्टवरून उरलेले सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. सकाळी ताळा जुळवणारा माणूस कितीही दक्ष असो, सुट्टीच्या दिवशी तो घरी असतो.

शिवाय ती सकाळच आता उशिराची ठरते आहे. स्विफ्टवरचे कित्येक व्यवहार हल्ली काही मिनिटांत पुरे होतात. युपीआयला सेकंद लागतात. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या संशोधनाचा रोख चोरीच्या पैशाला आसरा देणाऱ्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांकडे वळला आहे. बंगळुरूच्या रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने त्यासाठी ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली. खात्यातल्या उलाढालीच्या तऱ्हेवरून ती संशयित खाती हुडकते. पण तिला दिसतात ती भारतीय बँकांमधली खाती. कुंभकोणमहून निघालेले दहा लाख डॉलर चीनमधल्या खात्याकडे गेले होते, आणि तिथला खातेदार पारखण्याचं काम आजही तिथल्याच बँकेकडे आहे.