विषाच्या डोक्याचा कोळी

‘‘आई, आज मला एटरकॅपने मारलं!’’ चिरंजीव म्हणाले. या फाशांच्या खेळापायी आम्हां बापलेकांत महिनाभर अबोला होता. तरी मी कान टवकारले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याच्या १९८१च्या ‘फीन्ड फोलिओ’ या राक्षसकोशात एटरकॅप आहे : माणसासारखा दोन पायांवर चालणारा, विषारी दंशाचा, रानात जाळी लावून वाटसरू धरणारा.

मी मराठीचा मास्तर. अडलो तो नावापाशी. जुन्या इंग्रजीत ‘अ‍ॅटरकॉप’ म्हणजे कोळी. शब्दशः ‘विषाचे डोके’! इंग्रजांना त्याचे विष दिसले. आमच्याकडे मासे धरणारा आणि माशा धरणारा, दोघेही कोळीच!

हे न राहवून बोललो. चिरंजीव हसले. ‘‘बाबा, उद्या तुम्हीही बसा ना!’’

बसलो. पहिल्याच डावात जाळ्यात सापडलो.