खत वेलीला, परिणाम रसाला

भाताला युरिया जास्त झाला की पीक माजते, लोळते, करपा पडतो. कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला हे ठाऊकच आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यात मात्र खताचा परिणाम पार वाइनच्या पिंपापर्यंत पोचतो. तो कसा?

द्राक्षाचा रस यीस्ट नावाचे बारीक जीव आंबवतात. ते साखर खातात, तिची दारू करतात. पण नुसत्या साखरेवर त्यांचे भागत नाही. त्यांना नत्रही लागते. ते जमिनीतून मुळांवाटे मण्यात येते.

नत्र कमी पडले तर यीस्ट उपाशी राहते. रस आंबायचा मध्येच थांबतो. कधी सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नत्र जास्त झाले तर वेल पानांनीच माजते. घडांवर दाट सावली पडते, घड कुजतात.

म्हणून जाणता बागाईतदार माती आणि पानांचे देठ तपासून घेतो, मगच खत देतो. भावांनो, भाताचेही तसेच. आधी माती तपासा, मग गोण फोडा.