पावडरीच्या बाटलीत पाणी आयत्या वेळीच का?

डोंबिवलीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये लहान मुलासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचं ड्राय सिरप मागा. हातात येते कोरडी पावडर आणि बाटलीवर एक खूण. पाणी लागलं की अमॉक्सिसिलिनचं बीटा-लॅक्टम कडं हळूहळू फुटू लागतं. क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड तर त्याहून नाजूक. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची कुपीही याचसाठी कोरडी असते.

मला खरं कौतुक वाटतं ते सोबतच्या घटकांचं. चिमूटभर झँथन गम पाणी इतकं दाट करतो की औषधाचे कण पटकन तळाशी बसत नाहीत. सिलिकॉन डायऑक्साइडमुळे पावडर मोकळी राहते. आपल्या ठाणे-कल्याणची पावसाळी हवा आठवा, मिठाच्या बरणीतही गुठळ्या होतात! म्हणून पावडर भरायच्या खोलीत हवेतला दमटपणा कमी ठेवावाच लागतो.

घरी आधी बाटली हलवून पावडर सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी थोडं घालून हलवा. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. घाईत फेसालाच पाणी समजलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. तयार औषध फ्रिजमध्ये ठेवा, साधारण ७ दिवसच, आणि दरवेळी हलवूनच द्या. पाणी घातल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहाच.